शालेय क्रिकेटची जुनी चुरस : आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

बहुतेक प्रत्येक शाळेला एक पारंपरिक प्रतिस्पर्धी शाळा असते. तिच्याशी सामना असला की मैदानाभोवती गर्दी होते, आणि सामन्याआधी व नंतर वाद रंगतो तो आकड्यांचा. "आजवर आम्ही जास्त वेळा जिंकलो", "गेली पाच वर्षे तुम्ही हरताच आहात", "तो विक्रम अजून कोणाला मोडता आलेला नाही" अशी विधाने दोन्ही बाजूंनी छातीठोकपणे केली जातात. आकडे खरे असतात. पण त्यांवरून काढलेले निष्कर्षही खरे असतातच असे नाही. आकड्यांतून निष्कर्ष काढण्याचे शास्त्र म्हणजे सांख्यिकी. शालेय क्रिकेटच्या एका जुन्या लढतीच्या साहाय्याने या शास्त्रातील काही मूलभूत कल्पना आपण समजून घेऊ.

निळ्यांची लढाई

श्रीलंकेतील कोलंबो परिसरात रॉयल कॉलेज आणि सेंट थॉमस कॉलेज या दोन नामांकित शाळा आहेत. नावात 'कॉलेज' असले तरी या शाळाच आहेत. पहिली १८३५ साली सुरू झाली, दुसरी १८५१ साली. दोन्ही शाळांच्या ध्वजांत निळा रंग आहे. म्हणून त्यांच्या वार्षिक क्रिकेट सामन्याला 'निळ्यांची लढाई' असे म्हणतात. श्रीलंकेचे पहिले पंतप्रधान डी. एस. सेनानायके विद्यार्थिदशेत सेंट थॉमसकडून या सामन्यात खेळले होते, तर पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जे. आर. जयवर्धने रॉयलकडून. विजेत्या संघाला मिळणारी ढाल सेनानायके यांच्याच स्मरणार्थ आहे. १९७९ च्या शंभराव्या सामन्यात रॉयलचा कर्णधार होता रंजन मदुगल्ले. तो पुढे श्रीलंकेच्या संघाचाही कर्णधार झाला.

२०१९ साली या मालिकेतील १४० वा सामना झाला. इतकी दीर्घ नोंद सांख्यिकीच्या विद्यार्थ्याला पर्वणीच वाटावी. पण मोजायला बसलो की पहिल्याच पायरीवर अडचण येते.

मोजण्यापूर्वी व्याख्या

पहिला प्रश्न : मालिका केव्हा सुरू झाली? या दोन शाळांमध्ये १८७९ साली एक सामना झाला होता. पण त्यात विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकही खेळले. केवळ विद्यार्थ्यांचे संघ १८८० पासून खेळू लागले, म्हणून क्रमांक १८८० पासून धरतात. येथे एक छोटे गणित करून पाहा. २०१९ मधून १८८० वजा केले तर १३९ येतात. मग सामना १४० वा कसा? कारण पहिले आणि शेवटचे अशी दोन्ही वर्षे आपल्याला मोजायची आहेत. कुंपणाला दहा वावांवर एकेक खांब रोवत गेलो तर शंभर वावांच्या कुंपणाला दहा नव्हे, अकरा खांब लागतात, तसाच हा प्रकार. हिशेब जुळला, याचा आणखी एक अर्थ असा की मधल्या काळातील एकाही वर्षाचा क्रमांक गळलेला नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. १८८५ च्या सामन्यात रॉयलचा सारा संघ अवघ्या ९ धावांत बाद झाला. तो सामना मात्र रीतसर पूर्ण झाला नाही. सेंट थॉमसच्या मते तो त्यांचा विजय. रॉयलच्या मते तो निकालात धरण्याजोगा नाही. परिणामी दोन शाळांच्या हिशेबात आजही एका विजयाचा फरक पडतो. येथे कोणाची बेरीज चुकलेली नाही. 'पूर्ण झालेला सामना' कशाला म्हणायचे, याची व्याख्याच दोघांची वेगळी आहे.

जनगणना असो, पावसाचे मोजमाप असो की रोग्यांची मोजदाद, प्रत्येक ठिकाणी हाच नियम लागू पडतो : काय मोजायचे ते आधी ठरवा, मग मोजा. मोजणी झाल्यावर आपल्या सोयीची व्याख्या निवडणे हा सांख्यिकीतील मोठा दोष मानला जातो.

छेदात काय घ्यायचे?

या मालिकेतील जवळजवळ निम्मे सामने अनिर्णित राहिले आहेत. उरलेल्यांत दोन्ही शाळांचे विजय पस्तिशीच्या आसपास आहेत. सोयीसाठी आपण ठोकळ आकडे घेऊ : सामने १४०, अनिर्णित ७०, प्रत्येकी विजय ३५.

आता एखाद्याने विचारले, "रॉयलचे विजयाचे प्रमाण किती?" तर ३५ ला १४० ने भागून कोणी २५ टक्के म्हणेल, आणि ३५ ला ७० ने भागून दुसरा ५० टक्के म्हणेल. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण ती दोन निरनिराळ्या प्रश्नांची आहेत. पहिला प्रश्न असा : सामना सुरू होताना विजयाची अपेक्षा किती धरावी? दुसरा असा : सामना निकाली निघाला तर तो आपल्या बाजूने लागण्याची शक्यता किती? वर्तमानपत्रात टक्केवारी दिसली की छेदात काय घेतले आहे ते आधी पाहावे, ही सवय फार उपयोगी पडते.

नाण्याची कसोटी

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. समजा, ७० निर्णायक सामन्यांपैकी एका शाळेने ४० आणि दुसरीने ३० जिंकले असते. तर पहिली शाळा क्रिकेटमध्ये श्रेष्ठ, असे म्हणता आले असते का?

हे ठरविण्यासाठी एका मोजपट्टीची गरज आहे. अशी कल्पना करा की दोन्ही शाळा तंतोतंत तुल्यबळ आहेत आणि प्रत्येक निकाल नाणेफेकीसारखा केवळ योगायोगाने लागतो. ७० वेळा नाणे उडविले तर ३५ वेळा छाप यावी अशी अपेक्षा आहे. पण प्रत्यक्षात दर खेपेला नेमके ३५ येणार नाहीत. कधी ३२ येतील, कधी ३९. हा चढउतार किती असावा, याचा एक सोपा ठोकताळा आहे. एकूण फेकांचे वर्गमूळ काढा. ते निम्म्या संख्येत मिळवा आणि निम्म्या संख्येतून वजा करा. सुमारे शंभरांतून पंचाण्णव वेळा उत्तर या दोन मर्यादांच्या आत सापडते.

७० चे वर्गमूळ सुमारे ८.४ आहे. म्हणजे २७ पासून ४३ पर्यंतची कोणतीही संख्या केवळ योगायोगाने सहज येऊ शकते. तेव्हा ४० विरुद्ध ३० हा फरक डोळ्यांत भरणारा असला, तरी त्यावरून श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही. मग एका विजयाच्या फरकाचे काय? १८८५ चा तो वादग्रस्त सामना कोणाच्याही खात्यावर घातला, तरी सांख्यिकीच्या दृष्टीने निष्कर्ष तोच राहतो : या दोन शाळांत एक दुसरीपेक्षा वरचढ आहे, असे म्हणण्यास आधार नाही.

क्रिकेट हे नाणेफेक आहे, असा याचा अर्थ नाही. खेळात कौशल्य आहे, मेहनत आहे. नाणे ही येथे केवळ मोजपट्टी आहे. निरीक्षणातील फरक योगायोगाने पडू शकणाऱ्या फरकापेक्षा मोठा असेल, तरच त्याचे कारण शोधायला निघावे. नवे औषध गुणकारी आहे की नाही, नवे बियाणे जास्त पीक देते की नाही, हे तपासताना शास्त्रज्ञ याच विचाराचा आधार घेतात.

सलग पाच पराभव

"गेले पाच निकाल आमच्या विरुद्ध गेले" असे म्हणताना विद्यार्थी खिन्न होतात, आणि प्रशिक्षकांवर टीका सुरू होते. याही ठिकाणी नाण्याला विचारू.

ठरावीक पाच फेकांत पाचही वेळा एकच बाजू पडण्याची संभाव्यता १६ त १ आहे. ही लहान वाटते. पण ७० निकालांच्या ओळीत अशा लागोपाठच्या पाचांच्या जागा ६६ आहेत. पहिला ते पाचवा, दुसरा ते सहावा, अशा त्या मोजत जा. १६ त १ अशी संधी ६६ ठिकाणी मिळाली तर ती कोठे ना कोठे साधणारच. सविस्तर गणित केले तर असे दिसते की ७० फेकांच्या शंभर ओळी लिहिल्या, तर त्यांपैकी सुमारे नव्वद ओळींत सलग पाच किंवा अधिक वेळा एकच बाजू पडलेली आढळेल. म्हणजे दीर्घ मालिकेत सलग पाच विजय किंवा पराभव दिसणे नवलाचे नाही. ते न दिसणे हेच नवल.

विक्रम किती वेळा मोडतो?

आता विक्रमांकडे पाहू. १९७२ साली सेंट थॉमसच्या दुलीप मेंडिसने या सामन्यात १८४ धावांची खेळी केली. हाच मेंडिस पुढे श्रीलंकेचा कर्णधार झाला. अशी मोठी खेळी झाली की पुढे कित्येक वर्षे तिचे नाव निघत राहते. पूर्वी विक्रम पटापट मोडत, आता मोडत नाहीत, तेव्हा खेळाचा दर्जा घसरला, असा सूरही मग ऐकू येतो.

याचे उत्तर एका सुंदर गणितात आहे. समजा, खेळाची परिस्थिती दर वर्षी सारखीच आहे. पहिल्या वर्षीची सर्वोच्च खेळी हा अर्थातच विक्रम ठरेल. दुसऱ्या वर्षी तो मोडण्याची शक्यता २ त १, कारण दोन वर्षांतील मोठी खेळी पहिल्या वर्षी असेल किंवा दुसऱ्या. तिसऱ्या वर्षी शक्यता ३ त १, चौथ्या वर्षी ४ त १, आणि शंभराव्या वर्षी १०० त केवळ १. तेव्हा विक्रमांची अपेक्षित संख्या काढण्यासाठी १ + १/२ + १/३ + १/४ ... अशी बेरीज करावी लागते. पहिल्या १० वर्षांची बेरीज सुमारे २.९ होते, १०० वर्षांची ५.२ आणि १४० वर्षांची ५.५. म्हणजे पहिल्या दहा वर्षांतच जवळजवळ तीन विक्रम होतात, आणि पुढच्या नव्वद वर्षांत मिळून जेमतेम दोन-सव्वादोन.

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरातली एक लढत याचे उदाहरण म्हणून पाहता येईल. प्रिन्स आल्फ्रेड कॉलेज आणि सेंट पीटर्स कॉलेज या शाळांचे सामने १८७८ साली सुरू झाले. १८८५ साली प्रिन्स आल्फ्रेडच्या ज्यो डार्लिंगने २५२ धावा केल्या. तो विक्रम आठच वर्षांत, १८९३ साली, त्याच शाळेच्या क्लेम हिलने ३६० धावा करून मागे टाकला. दोघेही पुढे ऑस्ट्रेलियाचे कर्णधार झाले. मालिका तरुण असताना विक्रम असे झपाट्याने मोडतात. नंतर ते टिकून राहतात, आणि ती दर्जा घसरल्याची खूण नव्हे.

या बेरजेचा उपयोग उलट दिशेनेही होतो. अपेक्षेपेक्षा फार जास्त विक्रम होऊ लागले, तर परिस्थिती बदलली असली पाहिजे, असा तर्क करता येतो. हवामानशास्त्रज्ञ तापमानाच्या उच्चांकांची आणि नीचांकांची संख्या याच दृष्टीने ताडून पाहतात.

आपल्या मुंबईकडे पाहा. शालेय क्रिकेटमधील सर्वोच्च धावसंख्या १८९९ साली इंग्लंडमध्ये ए. ई. जे. कॉलिन्स या मुलाने केलेल्या नाबाद ६२८ ही होती. मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये २००९ साली सर्फराज खानने ४३९, २०१० साली अरमान जाफरने ४९८ आणि २०१३ साली पृथ्वी शॉने ५४६ धावा केल्या. शेवटी जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा करून कॉलिन्सचा विक्रम मोडला. इतक्या थोड्या वर्षांत एवढ्या प्रचंड खेळ्या एकाच परिसरात होणे केवळ योगायोगाचे वाटत नाही. कारण शोधताना शेवटच्या सामन्याचा पूर्ण धावफलक पाहावा. धनावडेच्या संघाने ३ बाद १४६५ धावा केल्या, आणि प्रतिस्पर्धी संघ ३१ व ५२ धावांत बाद झाला. फलंदाजाची एकाग्रता आणि दमसास असामान्य होता, यात शंका नाही. पण दोन संघांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक होता, हेही आकडेच सांगतात. याउलट जुन्या चुरशीच्या लढतीत दोन्ही बाजू तोलामोलाच्या असतात. म्हणून तेथील १८४ आणि अशा सामन्यातील १००९ यांची तुलना नुसत्या आकड्यांवरून करता येणार नाही.

सरासरीची फसवणूक

धावसंख्यांची सरासरी काढताना १८८५ च्या ९ धावांसारखा एखादा आकडा सगळे चित्र बदलून टाकतो. समजा, एका संघाच्या पाच डावांतील धावा ९, १४०, १५५, १६० आणि १८६ आहेत. बेरीज ६५०, सरासरी १३०. पण पाचांपैकी चार डावांत संघाने १३० पेक्षा जास्त धावा केल्या आहेत! चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी संख्या, म्हणजे मध्यक, येथे १५५ आहे. संघाच्या नेहमीच्या कामगिरीची कल्पना मध्यकावरून अधिक चांगली येते. म्हणून जेथे एखाद-दुसरा आकडा फार लहान किंवा फार मोठा असेल, तेथे सरासरीबरोबर मध्यकही द्यावा.

'इतक्या धावांनी विजय' या शब्दांमागे काय दडते?

निकालाच्या रकान्यात एक ओळ असते. सामना मात्र त्याहून कितीतरी मोठा असतो. इंग्लंडमधील ईटन आणि हॅरो या शाळांची लढत १८०५ पासूनची. तिच्यातील १९१० च्या सामन्याचा निकाल आहे : ईटन ९ धावांनी विजयी. आता धावफलक पाहा.

हॅरो, पहिला डाव : २३२
ईटन, पहिला डाव : ६७
ईटन, फॉलोऑननंतर दुसरा डाव : २१९
हॅरो, दुसरा डाव : ४५

पहिल्या डावात ईटन १६५ धावांनी मागे होते. दुसऱ्या डावात त्यांचा नववा गडी बाद झाला तेव्हा आघाडी होती फक्त ४ धावांची. शेवटच्या जोडीने ५० धावांची भर घातली. हॅरोला जिंकण्यास ५५ धावा हव्या होत्या. ईटनचा कर्णधार फाउलर याने २३ धावांत ८ गडी बाद केले, आणि हॅरोची अवस्था ९ बाद ३२ झाली. हॅरोच्या शेवटच्या जोडीनेही हार मानली नाही. तिने १३ धावा जोडल्या आणि मगच डाव संपला.

असे सामने लोक पिढ्यान्‌पिढ्या आठवतात, आणि शेकडो साधे सामने विसरतात. त्यामुळे 'या लढतीत नेहमीच चमत्कार घडतात' असे वाटू लागते. नोंदवही ठेवण्याचे महत्त्व येथेच आहे. स्मरणशक्ती अपवाद जपते. नोंदवही सर्व सामने सारख्याच इमानाने जपते.

हा हिशेब कोणाचा?

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. शाळेचा संघ हा नेहमीच्या संघासारखा नसतो. मुलगा शाळेच्या पहिल्या संघात दोन-तीन वर्षे खेळतो आणि शाळा सोडतो. तीन वर्षांत संघ पूर्ण बदलतो असे धरले, तर १४० वर्षांत तो पंचेचाळीसहून अधिक वेळा बदलला. ध्वज तोच, टोपीचा रंग तोच. पण चेंडू टाकणारे हात दर वेळी नवे. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीच्या निकालांवरून यंदाच्या सामन्याचे भाकीत करता येत नाही. आदल्या वर्षीच्या निकालाचा थोडा उपयोग होईल, कारण त्यांतील काही खेळाडू यंदाही असतील. त्याहून मागे जावे तसा उपयोग शून्याकडे झुकतो.

यातून एक समाधानाची गोष्ट निघते. आजोबांच्या वेळचा पराभव यंदाच्या कर्णधाराच्या डोक्यावर ओझे म्हणून ठेवण्याचे कारण नाही, आणि तेव्हाचा विजय आयता मिरविण्याचेही कारण नाही. जुनी नोंद अभिमानाने जपावी, नीट अभ्यासावी. पण मैदानावर उतरताना ती तंबूत ठेवून उतरावे.

स्वतः करून पाहा

१. एक नाणे ७० वेळा उडवा आणि निकाल क्रमाने लिहा. छापांची संख्या २७ ते ४३ मध्ये येते का? सर्वांत लांब सलग ओळ किती निकालांची आहे? वर्गातील सर्वांनी हा प्रयोग करून उत्तरांचा आलेख काढा.

२. आपल्या शाळेच्या पारंपरिक सामन्याचे जुने धावफलक मिळवा. आधी व्याख्या लिहून ठेवा : कोणते सामने धरायचे, अर्धवट राहिलेल्यांचे काय करायचे. मगच कोष्टक तयार करा आणि डावांतील धावांची सरासरी व मध्यक दोन्ही काढा.

३. एक कोडे : फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकरने नाबाद ३२६ आणि विनोद कांबळीने नाबाद ३४९ धावा केल्या. दोघांची बेरीज ६७५ होते. त्यांची अभेद्य भागीदारी मात्र ६६४ धावांची होती. भागीदारीत अवांतर धावाही मिळविल्या जातात, तरीही ती बेरजेपेक्षा कमी कशी? (सूचना : दोघांची जोडी जमली तेव्हा धावफलक २ बाद ८४ असा होता. दोघे एकाच वेळी मैदानात आले असतील का, याचा विचार करा.)

४. फलंदाजाची सरासरी काढताना एकूण धावांना तो किती वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. वरच्या एकाच डावावरून कांबळीची सरासरी काढण्याचा प्रयत्न करा. काय अडचण येते, आणि का?